शंभरावं माकड

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला एका मुलीचा मेसेज आला. 'ताई, आमची ११४ झाली. अजून काही होत नाहीये.'

मला आधी काही कळलंच नाही. चॅट वर सरकवत गेले तेव्हा आठवलं. आठ महिन्यांपूर्वी कॉलेजच्या मुलामुलींच्या एका शिबिरात मी बोलायला गेले होते. सत्र दुपारच्या जेवणानंतरचं होतं. वरणभात खाऊन अर्धी पोरं पेंगत होती आणि त्यांना जागं ठेवायला माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती.

ती तुम्हीही ऐकली असेल. जपानच्या एका बेटावर माकडं राहत होती. संशोधक त्यांना वाळूवर रताळी टाकायचे. माकडांना रताळी आवडायची, पण दातात कचकचणारी वाळू आवडायची नाही. एकदा एका लहान माकडिणीने रताळं पाण्यात धुतलं. तिचं बघून दुसऱ्याने धुतलं, मग तिसऱ्याने. असं करत करत एके दिवशी शंभरावं माकड धुवायला शिकलं आणि चमत्कार झाला. संध्याकाळपर्यंत बेटावरची सगळी माकडं धुवायला लागली. एवढंच नाही, समुद्रापलीकडच्या दुसऱ्या बेटांवरची, जिथे कुणी शिकवायला गेलंही नव्हतं तिथली माकडंही रताळी धुवायला लागली. मग मी दोन सेकंद थांबायचे आणि म्हणायचे, 'ते शंभरावं माकड तुमच्यापैकी कोण आहे, ते कुणाला माहीत?'

टाळ्या यायच्याच.

या मुलीने ती गोष्ट मनावर घेतली. तिच्या गावात शेवग्याची झाडं पुष्कळ, पण खायच्या त्या शेंगा. पाला शेळ्यांना. बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं, म्हणून तिने ठरवलं की गावाला शेवग्याच्या पाल्याची भाजी खायला लावायची. घरोघर फिरून बायकांची नावं वहीत लिहून घेतली, आठवड्यातून दोनदा भाजी करायचं कबूल करून घेतलं. शंभरावं नाव आलं त्या दिवशी तिने मला वहीच्या पानाचा फोटोही पाठवला होता. मी त्यावर अंगठा दाखवला होता आणि विसरून गेले होते.

ती मात्र वाट बघत होती. उरलेलं गाव आता आपोआप पालटेल म्हणून.

तिला काय उत्तर द्यायचं, या विचाराने मी ती गोष्ट पहिल्यांदा नीट शोधायला बसले. लाज वाटण्यासारखी बाब आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही: पाच-सहा शिबिरांत मी ती गोष्ट सांगितली होती, आणि ती कुठून आली हे मला माहीत नव्हतं. मला ती एका मित्राने सांगितली होती. त्याने ती सांगितली तेव्हा आम्ही सगळे एका टपरीवर चहा पीत होतो, आणि तो फार छान सांगतो.

*

बेट खरं आहे. त्याचं नाव कोशिमा. जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटाचा मियाझाकी नावाचा प्रांत आहे, त्याच्या किनाऱ्यापासून जेमतेम ३०० मीटरवर.

दुसरं महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. क्योतो विद्यापीठातले किंजी इमानिशी आपले विद्यार्थी जुनिचिरो इतानी आणि शुन्झो कावामुरा यांना घेऊन १९४८ मध्ये या भागात आले ते खरं तर घोड्यांसाठी. जवळच्या टोई भूशिरावर अर्धवट रानटी घोड्यांचे कळप आहेत, त्यांचा अभ्यास चालू होता. तिथे त्यांना माकडं दिसली, आणि माकडं घोड्यांपेक्षा जास्त गुंतागुंतीची निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात ते कोशिमाला पोचले. हरलेल्या, उपाशी देशातले हे लोक परदेशात जाऊन संशोधन करू शकत नव्हते, तेव्हा आपल्याच मागच्या अंगणात काय आहे ते बघत होते. जपानी माकडविज्ञान सुरू झालं ते इथून.

पण माकडं जंगलातून बाहेर येईनात. म्हणून १९५२ पासून त्यांना किनाऱ्यावर रताळी आणि गहू टाकायला सुरुवात झाली. तेव्हा कळपात २०-एक माकडं होती. प्रत्येकाला नाव दिलं गेलं, कोण कुणाची आई, कोण कुणाचा भाऊ याची नोंद ठेवली गेली. आज हे साधं वाटतं. त्या काळी युरोप-अमेरिकेत जनावराला नाव देणं म्हणजे शास्त्राला भाबडेपणाचा डाग लावणं समजलं जायचं. जपान्यांना तसं वाटलं नाही. इमानिशींनी तर १९५२ मध्येच लिहिलं होतं की प्राण्यांमध्येही एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या, शिकलेल्या सवयी असायला हव्यात. त्यासाठी त्यांनी 'कल्चर' हा इंग्रजी शब्दच जपानी उच्चारात वापरला. जपानीतला संस्कृतीसाठीचा शब्द माणसांचा होता, तो माकडांना लावला असता तर लोक बिथरले असते. हुशार माणूस.

एका वर्षात पुरावा समोर आला. १९५३ चा सप्टेंबर. दीड वर्षाची एक मादी रताळं घेऊन ओढ्याच्या कडेला गेली, एका हाताने ते पाण्यात धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यावरची माती चोळून काढली. तिचं नाव इमो. जपानीत 'इमो' म्हणजे रताळं-बटाट्यासारखा कंद.

हे पहिल्यांदा पाहिलं ते क्योतोच्या कुठल्या प्राध्यापकाने नाही. ते पाहिलं सात्सुए मितो नावाच्या बाईंनी. त्या तिथल्याच, शाळेत शिक्षिका. संशोधक येऊन-जाऊन असायचे, मितोबाई तिथेच होत्या. माकडांना चेहऱ्याने ओळखत होत्या आणि काय दिसलं ते कळवत होत्या. मी सांगायचे त्या गोष्टीत 'संशोधक' होते, या शिक्षिकेचा पत्ताच नव्हता. आपल्याकडेही कोणाच्या डोळ्यांनी दिसलं आणि कोणाच्या नावाने छापलं, यात बराच फरक पडतो. असो.

*

आता मोजणीकडे येऊ, कारण माझ्या गोष्टीचा सगळा जीव मोजणीत होता.

या सवयीचा पूर्ण हिशेब मासाओ कावाई यांनी १९६५ मध्ये 'प्रायमेट्स' या नियतकालिकात मांडला. तो वाचताना मला आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं. पहिल्या तीन महिन्यांत इमोव्यतिरिक्त किती माकडं शिकली? तीन. तिच्यासोबत खेळणारी दोन, आणि तिची आई एबा. पुढे १९५८ च्या मार्चपर्यंत, म्हणजे साडेचार वर्षांत, दोन ते सात वर्षं वयाच्या १९ माकडांपैकी १५ धुवायला लागली होती. आठ वर्षांवरच्या ११ मोठ्यांपैकी फक्त दोन. दोन्ही माद्या.

पंधरा आणि दोन, सतरा. साडेचार वर्षांत सतरा माकडं.

१९६२ मध्ये कळपाची एकूण संख्या होती ५९. थोडक्यात, शंभरावं माकड शिकलं का हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या बेटावर शंभर माकडंच नव्हती. माझ्या त्या मुलीच्या वहीत कोशिमाच्या अख्ख्या कळपाच्या जवळपास दुप्पट नावं होती.

मग हे शंभर आले कुठून? लायल वॉटसन या लेखकाच्या १९७९ च्या 'लाइफटाइड' या पुस्तकातून. त्यात त्याने १९५८ च्या शरद ऋतूत काहीतरी अद्भुत घडल्याचं लिहिलं. नेमका आकडा ठाऊक नाही, पण समजा नव्व्याण्णव माकडं होती आणि मग एकाची भर पडली, अशा थाटात. 'समजा' हा शब्द पुढच्या प्रवासात गळून पडला. १९८२ मध्ये केन कीज या अमेरिकन लेखकाने अण्वस्त्रांच्या विरोधात पुस्तक लिहिलं आणि नावच 'शंभरावं माकड' ठेवलं. ते हातोहाती पसरलं. १९८५ मध्ये रॉन अमंडसन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने एक साधं काम केलं: वॉटसनने ज्या जपानी लेखांचा हवाला दिला होता, ते काढून वाचले. 'स्केप्टिकल इन्क्वायरर'मध्ये त्याने दाखवून दिलं की त्या लेखांत चमत्कार कुठेच नाही, उलट एकेका माकडाची तारीखवार नोंद आहे. वॉटसननेही पुढे कबूल केलं की ते रूपक त्याचं स्वतःचं होतं, आणि ऐकीव गोष्टींवर उभं होतं.

समुद्र ओलांडून विचार गेला नाही, पण एक माकड मात्र गेलं होतं. जुगो नावाचं कोशिमाचं एक माकड १९६० मध्ये पोहत दुसऱ्या बेटावर गेलं आणि चार वर्षांनी परत आलं. चमत्कार हवाच असेल तर हा घ्या.

*

शंभराचा आकडा काढून टाकल्यावर जे उरतं, ते मला जास्त गुंतवणारं वाटलं. शिकलं कोण, कुणाकडून, आणि कुणी शिकलंच नाही.

पहिल्या टप्प्यात सवय गेली ती पोरांमधून पोरांमध्ये. एकत्र खेळणारी, एकमेकांच्या अंगावर लोळणारी, एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन 'काय खातोस रे' बघणारी ही पिल्लं. तिथून ती वर चढली ती आयांपर्यंत, कारण आई पोराच्या जवळ बसते. मोठ्या नरांपर्यंत पोचलीच नाही. ते किनाऱ्यावर या पोरासोरांच्या घोळक्यात बसतच नव्हते. ते मठ्ठ होते असं नाही. त्यांचं उठणं-बसणंच वेगळीकडे होतं.

मग ती पिल्लं मोठी झाली, इमो आणि तिच्या मैत्रिणी आया झाल्या, आणि दुसरा टप्पा सुरू झाला. कावाईंनी साधारण १९५९ ही दोन टप्प्यांमधली रेघ मानली. आता तान्ही पिल्लं आईच्या पोटाला चिकटून पाण्याच्या कडेला असायची, आईच्या हातातून पाण्यात पडलेले रताळ्याचे तुकडे उचलून खायची. त्यांच्यासाठी रताळं ही पाण्यात असणारी वस्तू होती. शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जी गोष्ट एका पिढीने सवंगड्यांकडून मिळवली, ती पुढच्या पिढीला आईच्या दुधाइतकी आपसूक मिळाली.

इमोचं आणखी एक. १९५६ मध्ये, चार वर्षांची असताना, तिने वाळूत मिसळलेला गहू मुठीने उचलून पाण्यात टाकला. वाळू खाली बसली, गहू वर तरंगला, तिने तो वेचून खाल्ला. आपल्याकडच्या बाया सुपात पाखडतात, ही पाण्यात पाखडत होती. हेही हळूहळू पसरलं, पण यात एक गंमत झाली: काही धटिंगण माकडांनी गहू धुवायचं शिकण्याऐवजी धुणाऱ्याचा गहू हिसकवायचं शिकून घेतलं. प्रत्येक वर्गात अशी दोन पोरं असतात. पाण्याची भीती गेली तशी लहान माकडं पुढे समुद्रात डुंबायलाही लागली. आणि धुणंही गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात गेलं. प्रत्येक घासाला रताळं पुन्हा समुद्रात बुडवायचं. स्वच्छ झालेलं रताळं परत कशाला धुवायचं? कावाईंचा अंदाज होता की त्यांना मिठाची चव लागली होती.

असंच दुसरीकडेही दिसलं. ओइता शहराजवळच्या ताकासाकियामा डोंगरावर इतानी माकडांच्या मागावर होते. तिथे माकडांना एक अगदी नवी वस्तू मिळाली: कॅरमेल गोळ्या, कागदात गुंडाळलेल्या. पहिल्यांदा खाल्ल्या तीन वर्षांच्या आतल्या पिल्लांनी. मग त्यांच्या आयांनी. मग पिल्लं सांभाळणाऱ्या मोठ्या नरांनी. सगळ्यात शेवटी कोण? म्हातारे नाहीत. कळपाच्या कडेकडेने फिरणारे तरुण नर, ज्यांचा लहान पिल्लांशी काही संबंधच येत नव्हता. वयापेक्षा, तुम्ही कुणाशेजारी बसता यावर सगळं अवलंबून होतं.

आणि अगदी उलटंही दिसलं. ओसाकाजवळच्या मिनो इथल्या एका कळपात गहू खायला सुरुवात केली ती म्होरक्या नराने. अख्खा कळप चार तासांत गहू खायला लागला. म्होरक्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. पोराकडे लक्ष असतं ते त्याच्या आईचं आणि त्याच्या मित्रांचं.

*

इथवर वाचून मी खूश होते. खोटी गोष्ट गेली, पण तिच्या जागी खरी आणि तितकीच सांगण्याजोगी मिळाली. मग मला बेनेट गॅलेफ भेटले. पुस्तकात, अर्थात.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठात गॅलेफ यांनी आयुष्य उंदरांवर घालवलं, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी कोशिमाच्या गोष्टीवर हात टाकला. त्यांचं म्हणणं: माकडं एकमेकांचं बघून शिकली कशावरून? बघून शिकायला एवढी वर्षं लागतात? प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोध लावला नसेल कशावरून? त्याच वेळी एलिझाबेत्ता विझालबर्गी आणि डोरोथी फ्रॅगॅझी यांनी पिंजऱ्यातल्या वेगळ्या जातींच्या माकडांना वाळू लागलेलं खाणं आणि पाणी देऊन पाहिलं होतं, आणि त्यांच्यातली काही आपली आपणच लवकर धुवायला लागली होती. शिवाय, धुवून दाखवणाऱ्या माकडाला लोक मुद्दाम जास्त रताळी देत असतील, ही शंका होतीच.

फ्रान्स द वाल हे दुसरे मोठे माकडतज्ज्ञ यावर चिडले. ते कोशिमाला गेले, म्हाताऱ्या झालेल्या मितोबाईंना भेटले, आणि २००१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जपान्यांची बाजू मांडली. जे आधी शिकले ते एकमेकांचे सोबती आणि सगेच का निघाले, याचं उत्तर स्वतंत्र शोधाच्या कल्पनेत मिळत नाही, हा त्यातला मुद्दा मला पटतो. पण गॅलेफ यांचा आक्षेपही मला टाकवत नाही. पिल्लू कदाचित हाताची हालचाल शिकत नसेल. ते एवढंच करत असेल: मित्र पाण्याजवळ खातोय म्हणून आपणही पाण्याजवळ जाणं. पुढचं पाणी आणि वाळू शिकवतात. पण मला तर हे जास्त ओळखीचं वाटतं. मी पोहायला शिकले ती अशीच.

*

आणि गॅलेफ यांचे उंदीर. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आजी उंदराचं औषध घरात आणलं की त्याचं नाव घ्यायची नाही. बोटाने खूण करायची. 'त्यांना कळतं,' म्हणायची. आम्ही हसायचो. उंदरांना मराठी कळत नाही, पण आजीचं निरीक्षण पक्कं होतं. १९५० मध्ये फ्रित्झ स्टाइनिगर या जर्मन संशोधकाने नोंदवलं होतं की एखाद्या वसाहतीत तेच ते विष वापरत राहिलं की ते निकामी होतं. जे उंदीर थोडं खाऊन वाचतात ते पुन्हा तोंड लावत नाहीत, आणि त्यांची पिल्लं तर ते चाखूनही बघत नाहीत. त्यांना कुणी सांगितलं?

गॅलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत आणलं. रानउंदरांच्या वसाहतीला दोन प्रकारचं खाणं दिलं, त्यातल्या एकात पोट बिघडवणारं रसायन घातलं. मोठे उंदीर ते टाळायला लागले. मग रसायन काढून टाकलं, दोन्ही खाणी निर्धोक. तरी नवी जन्मलेली पिल्लं, दूध सुटल्यावर, मोठे खातात तेच खायची. दुसऱ्याला तोंड नाही.

मग समवयस्कांवरचा प्रयोग, १९८३ चा, फार साधा आणि सुंदर. एका उंदराला कोकोच्या वासाचं किंवा दालचिनीच्या वासाचं खाणं द्यायचं. मग त्याला दुसऱ्या उंदरासोबत अर्धा तास ठेवायचं. खाणं समोर नाही, नुसती भेट. ते एकमेकांचं तोंड हुंगतात. मग दुसऱ्या उंदरासमोर दोन्ही खाणी ठेवायची. मित्राने कोको खाल्ला असेल तर हा कोकोकडे जातो, दालचिनी खाल्ली असेल तर दालचिनीकडे. नुसता खाण्याचा वास पुरत नाही, तो उंदराच्या श्वासासोबत यावा लागतो. उंदराच्या श्वासात कार्बन डायसल्फाइड नावाचा गंधकाचा एक वायू असतो. १९८८ मध्ये या मंडळींनी दाखवलं की तो वायू आणि खाण्याचा वास एकत्र आला की उंदराला पुरतं. खाण्याची भुकटी लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर तो वायू शिंपडला तरी काम होतं. मित्र नको, मित्राचा श्वास पुरे.

आता खरी गोष्ट. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून त्याने खाण्यात फार सावध असायला हवं. तेव्हा संशोधकांना वाटलं, मित्र काहीतरी खाऊन आजारी पडलेला दिसला, तर हा ते खाणं टाळायला शिकेल. तेही करून पाहिलं. मित्राला कोको दिला, मग टोचून आजारी पाडलं, आणि तशाच अवस्थेत भेट घडवली. दुसऱ्या उंदराने काय केलं?

तो कोकोकडेच गेला.

मित्र निपचित पडलाय हे त्याने जमेस धरलंच नाही. त्याच्या श्वासाला कोकोचा वास होता, बस. पुन्हा पुन्हा करून पाहिलं तरी तेच. विचार केला तर यात शहाणपण आहे: रानात जो उंदीर भेटतो तो जिवंत असतो, आणि मेलेल्याचा श्वास चालत नाही. तेव्हा 'भेटला, श्वास घेतोय, म्हणजे त्याने खाल्लं ते खायला हरकत नाही' हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर निघतो. माणसाने या हिशेबाची खोड काढली ती वॉरफरिनसारख्या सावकाश मारणाऱ्या विषाने. खाल्लेलं आणि मरण यांत दिवसांचं अंतर पडलं, की उंदराला दोन्हींचा संबंधच लागत नाही.

हे वाचलं तेव्हा मला टपरीवरचा तो चहा आठवला, आणि फार छान गोष्ट सांगणारा माझा मित्र.

*

दक्षिण आफ्रिकेत एरिका फान द वाल यांनी रानातल्या व्हर्व्हेट माकडांना निळा आणि गुलाबी असे रंगवलेले मक्याचे दाणे दिले. काही कळपांत निळा कडू केला, काहींत गुलाबी. कळप एक रंग टाळायला लागल्यावर कडू चव काढून टाकली. त्यानंतर जन्मलेल्या २७ पिल्लांपैकी २६ जणांनी आईचाच रंग खाल्ला. ते अपेक्षित होतं. पण वयात आलेले नर घर सोडून दुसऱ्या कळपात जातात, तेव्हा जिथे उलटा रंग चालतो अशा कळपात गेलेल्या दहापैकी नऊ नरांनी लहानपणापासूनचा रंग सोडला आणि तिथला धरला. दहावा जो राहिला, तो नव्या कळपात गेल्या गेल्या सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला होता. त्याला कोण बोलणार? हे २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. विदर्भातून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेल्या आणि दुसऱ्या महिन्यात भाजीत गूळ चालवून घेणाऱ्या एका मुलीला, म्हणजे मला, ते नऊ नर फार जवळचे वाटले.

आणि माणसाची पोरं? लिॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये बालवाडीतल्या मुलांचं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एखादी भाजी नको म्हणणाऱ्या मुलाला तीच भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर जेवायला बसवलं. कुणी आग्रह केला नाही, कुणी जीवनसत्त्वं समजावली नाहीत. चार दिवसांत ते मूल नको ती भाजी निवडायला लागलं, आणि पुढे मित्र बाजूला नसतानाही खात राहिलं. त्यातही लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त पालटली.

*

त्या मुलीला मी एवढं सगळं टाइप करणं शक्य नव्हतं. मी अकरा मिनिटांचा ऑडिओ पाठवला. आधी माफी मागितली. गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी असल्याचं मी शोधायला हवं होतं. शंभर माकडं नव्हती, ५९ होती. आपोआप काही झालं नाही, साडेचार वर्षांत सतरा शिकली, आणि तुझ्या वहीत ११४ नावं आहेत. मग विचारलं, या ११४ बायका भाजी करतात ती खरंच खातं कोण? पोरं कुठे जेवतात? अंगणवाडीत की घरी, एकेकटी की घोळक्याने?

दोन दिवस दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. उत्तर नाही. मी मनाशी धरून बसले की तिचा विश्वास मोडला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. '११४ मधल्या ४० तरी नुसतं हो म्हणाल्या असणार. मला पण माहीत होतं.' खाली अंगणवाडीतल्या पंगतीचा एक हललेला फोटो. आणि त्याखाली: 'ताई एक विचारू. ती रताळी कच्ची होती का उकडलेली?'

मी लिहिलं, 'कच्ची.'

'मग बरोबर आहे. कच्चं रताळं आमच्याकडची पोरं पण ओढ्यात धुऊनच खातात.'